सावड, पोथी आणि टॉरेंट

माझी सासुरवाडी बुऱ्हाणपूरची. गोव्याचा जावई आणि सासुरवाडी मध्य प्रदेशात, हे ऐकून लोकांच्या भुवया वर जातात. पण नकाशा काढून बघा. मडगावला मंगला एक्सप्रेस धरायची, भुसावळ ओलांडले की तासाभरात बुऱ्हाणपूर. राज्य बदलते, पण घरात, दुकानात, तापीच्या घाटावर मराठी कानावर पडत राहते. जुन्या खानदेशाचेच हे शहर. फारुकी सुलतानांची राजधानी, पुढे मोगलांचे दक्षिणेतले ठाणे. मुमताजमहल १६३१ साली इथेच वारली. सासऱ्यांचे घर राजपुऱ्यात आहे. दिवाळीला गेले की दराबा आणि मावा जिलेबी यांचा मारा सुरू होतो आणि 'जावयाने काही खाल्लेच नाही' अशी तक्रारही.

आज मात्र खाण्यापिण्याबद्दल लिहायचे नाही. राजपुऱ्यातल्या त्या घरात एका जुन्या संगणकावर मला जे सापडले त्याबद्दल, आणि त्या निमित्ताने टॉरेंट या प्रकरणाबद्दल लिहायचे आहे. मी संगणकाचा माणूस नव्हे. कला शाखेचा पदवीधर, सरकारी कचेरीत कारकून. पण नकला काढणे, त्या पडताळणे आणि त्यांवर शिक्का मारणे यातच आयुष्य चालले आहे. त्यामुळे टॉरेंट मला माझ्या परीने समजले. ज्यांना ते अजून समजलेले नाही आणि विचारायला संकोच वाटतो, त्यांच्यासाठी हा लेख.

आधी राजपुऱ्याची गोष्ट.

माझे वडील गावच्या जत्रेतल्या नाटकांत काम करायचे. आमच्या गोव्यात जत्रा म्हटली की नाटक आलेच. १९९४ साली त्यांनी 'संगीत सौभद्र'मध्ये कृष्णाचे काम केले. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली रंगभूमीवर आणलेले हे नाटक गोव्यातल्या कितीतरी गावांतल्या हौशी मंडळींनी केले असेल, तेव्हा त्यात नवल काही नाही. पण वडिलांचा गळा त्या रात्री लागला होता, असे गावातली जुनी माणसे अजून सांगतात. कुणीतरी ते टेप केले. दोन कॅसेटी. २००८ साली मी त्या संगणकावर चढवल्या. साधारण अडीचशे एमबीची फाइल झाली.

बायकोच्या माहेरच्यांनी वडिलांना गाताना ऐकले होते ते फक्त आमच्या लग्नात. सासऱ्यांना ते रेकॉर्डिंग हवे होते. ईमेलने एवढी मोठी फाइल जाईना. कुरिअरने सीडी पाठवली, ती फुटून पोचली. माझा मेहुणा तेव्हा कॉलेजात होता. त्याने फोनवर सांगितले, "दाजी, टॉरेंट बनवा. मी सांगतो तसं करा." मी म्हटले, ते चोरीचे असते ना? तो हसला. "पिक्चर चोरीचा असतो दाजी, टॉरेंट कशाला चोरीचा असेल? बाबांचं गाणं तर आपलंच आहे." २००९ च्या पावसाळ्यात, तीन रात्रींत, तुकड्यातुकड्यांनी ते नाटक माझ्या घरातून राजपुऱ्यात गेले. मधे तिकडची वीज चारदा गेली आणि इकडची पाचदा. पण जिथे थांबले होते तिथूनच ते पुढे सुरू व्हायचे. तेव्हा मला पहिल्यांदा या यंत्रणेचे कौतुक वाटले.

हे तुकड्यांचे प्रकरण समजून घ्यायला बुऱ्हाणपुरातच एक चांगला दाखला आहे. त्याला कुंडी भंडारा म्हणतात. अब्दुल रहीम खानखाना, म्हणजे दोह्यांचे कवी रहीम, इथे मोगलांचे सुभेदार असताना १६१५ साली ही पाण्याची योजना झाली. तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने सातपुड्याच्या पायथ्याशी मुरणारे पाणी हेरले आणि जमिनीखालून बोगदा काढून ते केवळ उताराच्या जोरावर शहराकडे आणले. वर शंभराहून अधिक कुंड्या, म्हणजे विहिरीसारखी तोंडे. आज लिफ्टने खाली उतरून ते बघता येते. युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत २०२४ साली त्याचे नाव गेले. मूळचे असे आठ भंडारे होते, त्यांतले काही आज बंद पडले आहेत.

आता बघा, कुंडी भंडाऱ्याचे पाणी एका बाजूने येते आणि शहर ते पिते. इंटरनेटवर आपण नेहमी करतो ते असेच आहे. एका कंपनीचा मोठा संगणक, त्याला सर्व्हर म्हणायचे, तिथे फाइल असते आणि आपण सगळे तिथून ती ओढतो. माणसे वाढली की प्रत्येकाच्या वाट्याला धार बारीक. आणि वरचा बोगदा कोसळला तर खालचे सगळे शहर कोरडे.

टॉरेंट ही भंडाऱ्याची नव्हे, सावडीची रीत आहे. सावड म्हणजे काय हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. आज तुम्ही माझ्या शेतात लावणीला या, उद्या मी तुमच्या शेतात येईन. पैसे नाहीत, मालक नाही, मजूर नाही. ज्याचे शेत आज लावायचे आहे तो घेणारा, उद्या तोच देणारा. टॉरेंटमध्ये नेमके हेच होते. फाइलचे शेकडो सारखे तुकडे पाडतात. समजा हजार तुकडे आहेत. मूळ माणसाकडून मी सतरावा तुकडा घेतला, तुम्ही नव्वदावा घेतलात. आता तुम्हाला सतरावा हवा असेल तर मूळ माणसाकडे जायची गरज नाही, माझ्याकडून घ्या आणि नव्वदावा मला द्या. त्यामुळे माणसे वाढली की धार बारीक होत नाही, उलट जोर वाढतो. कारण प्रत्येक घेणारा देणाराही असतो.

थोडे शब्द सांगून टाकतो, म्हणजे पुढे अडचण नको. ज्याच्याकडे पूर्ण फाइल आहे आणि जो ती वाटत बसला आहे, तो 'सीडर'. सीड म्हणजे बी, बियाणे. ज्याचे अजून घेणे चालू आहे तो 'पीअर', म्हणजे बरोबरीचा. नुसते घेऊन पळणाऱ्याला 'लीचर' म्हणजे जळू म्हणतात, आणि हा शब्द उगाच दिलेला नाही. या सगळ्या जमावाला 'स्वार्म' म्हणजे मोहोळ म्हणायचे. कोणाकडे काय आहे याची नोंद ठेवणारा संगणक तो 'ट्रॅकर'. आणि 'टॉरेंट फाइल' म्हणजे खरा माल नव्हे, तर त्या मालाची यादी: किती तुकडे, कोणत्या क्रमाने, आणि प्रत्येक तुकड्याची खूण काय. ती जेमतेम काही केबीची असते. हे सगळे चालवायला आपल्या संगणकावर एक लहानसा प्रोग्रॅम लागतो. त्या काळी 'म्यूटॉरेंट' घरोघरी होता, आज 'क्यूबिटटॉरेंट' आणि 'ट्रान्समिशन' हे फुकट आणि खुले प्रोग्रॅम चांगले आहेत.

हे सगळे आले कुठून? १९९९ साली अमेरिकेत शॉन फॅनिंग नावाच्या पोरसवदा मुलाने 'नॅप्स्टर' काढले. गाणी लोकांच्याच संगणकावर असायची. नॅप्स्टरकडे असायचे फक्त रजिस्टर, की कुठले गाणे कुणाकडे आहे. कचेरीतला माणूस म्हणून सांगतो, रजिस्टर ज्याच्या ताब्यात, कचेरी त्याच्या ताब्यात. संगीत कंपन्या कोर्टात गेल्या, कोर्टाने रजिस्टरावरच बोट ठेवले आणि जुलै २००१ मध्ये नॅप्स्टर बंद पडले. योगायोग असा की त्याच महिन्यात ब्रॅम कोहेन या तरुण प्रोग्रॅमरने 'बिटटॉरेंट' पहिल्यांदा लोकांसमोर ठेवले. कोहेनने दोन गोष्टी ओळखल्या. एक, माणूस आपणहून देत नाही, तेव्हा देणाऱ्याला आधी मिळेल अशी व्यवस्था हवी. म्हणून जो मला वेगाने देतो त्याला मी वेगाने देतो, हा हिशेब प्रोग्रॅममध्येच बसवला. पण त्यात नवा माणूस उपाशी राहील, कारण त्याच्याकडे द्यायला काहीच नाही. म्हणून अधूनमधून कुणा एकाला सहज म्हणून, हिशेब न करता द्यायचे, हीही सोय केली. सावडीतही असेच नाही का? विधवेच्या शेताला लोक हिशेब न करता हात लावतात. दुसरी गोष्ट म्हणजे जो तुकडा सगळ्यांत कमी लोकांकडे आहे, तो आधी घ्यायचा. म्हणजे दुर्मीळ तुकडा नाहीसा व्हायच्या आत पसरतो.

पुढे २००५ पासून त्या ट्रॅकरचीही गरज कमी झाली. रजिस्टरच फाडून त्याचे एकेक पान प्रत्येकाच्या घरी ठेवले असे समजा. त्यामुळे ते जप्त करायचे तर कुणाकडून करायचे, असा प्रश्न सरकारांना पडला. स्वीडनमधले 'द पायरेट बे' २००३ साली सुरू झाले, २००६ साली तिथे पोलिसांची धाड पडली, २००९ साली चालकांना शिक्षा झाली. टॉरेंट मात्र चालूच राहिले.

आपल्याकडे या प्रकाराने जोर धरला तो बीएसएनएलच्या 'डेटावन'मुळे. २००५ साली ते सुरू झाले. वेग २५६ केबीपीएस. एका प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड मोफत असे. त्या पिढीतली कितीतरी मुले रात्री दोनचा गजर लावून झोपत. हिशेब करून बघा, त्या वेगाने सातशे एमबीची एक सीडी उतरायला सहा तासांहून थोडे जास्त लागतात. म्हणजे एक रात्र, एक सीडी, आणि शेवटचे काही टक्के हमखास दुसऱ्या रात्रीवर! मी स्वतः असे उबुंटू उतरवून घेतले आहे. खोटे कशाला बोलू, काही चित्रपटही घेतले, जे घ्यायला नको होते. तेव्हा त्याचे काही वाटले नाही. आज वाटते. ज्या मराठी निर्मात्याने घर गहाण टाकून सिनेमा काढला, त्याच्या ताटातला घास आपण रात्री दोन वाजता उचलतो, हे तेव्हा डोळ्यांसमोर येत नव्हते.

पण टॉरेंट म्हणजे चोरी, एवढेच म्हणून थांबलो तर इतिहासावर अन्याय होईल. कारण एकाची प्रत दुसऱ्याने करायची, दुसऱ्याची तिसऱ्याने, आणि अशी ती घरोघर जिवंत ठेवायची, ही रीत मराठीला नवी नाही. आपले जुने वाङ्मय त्याच रीतीने आपल्यापर्यंत आले.

'लीळाचरित्रा'चेच घ्या. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी शिष्याशिष्यांकडे हिंडून तेराव्या शतकात गोळा केल्या. परंपरा असे सांगते की पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी गेली, आणि ज्यांना जे पाठ होते त्यावरून ती पुन्हा सिद्ध झाली. म्हणजे तुकडे वेगवेगळ्या डोक्यांत होते, ते एकत्र करून पुन्हा ग्रंथ उभा राहिला. महानुभावांनी आपल्या पोथ्यांसाठी सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिपी केल्या. आजच्या भाषेत सांगायचे तर फाइल एन्क्रिप्ट केली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी त्या लिपीची किल्ली शोधून काढेपर्यंत पंथाबाहेर तो मजकूर कुणाला वाचता येत नव्हता. आणि या पोथ्या पंथाबरोबर थेट पंजाबापर्यंत गेल्या.

आमच्या गोव्याचे उदाहरण तर याहून बोलके आहे. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठी ओवीत लिहिलेले 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. पुढे १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापला. तीन आवृत्त्या! पण त्या छापील पुस्तकांतली एकही प्रत आज कुणाला सापडलेली नाही. मग ग्रंथ वाचला कसा? हाताने लिहिलेल्या नकलांनी. गोवा सोडून कर्नाटकाच्या किनाऱ्यावर गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी तो घरी वाचला, लिहिला, मुलांना दिला. त्या नकलांवरून जोसेफ साल्दाना यांनी १९०७ साली मंगळूरला तो पुन्हा छापला. देवनागरीतली एक हस्तलिखित प्रत लंडनला मार्सडेन संग्रहात निघाली. छापखाना म्हणजे भंडारा, तो आटला. सावडीने मात्र ग्रंथ तगला.

याउलट एकाच ठिकाणी सगळे ठेवल्याने काय होते, तेही बघा. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली. प्रभातच्या चित्रपटांचीही मूळ रिळे त्यात जळाली. ज्या चित्रपटांच्या प्रती अन्यत्र होत्या, ते वाचले.

एक फरक मात्र विसरता कामा नये. हाताने नक्कल करणारा माणूस चुकतो, कधी शहाणपणाही करतो. म्हणून पोथ्यांत पाठभेद शिरतात. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून, ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली, ती याच दुखण्यावर. टॉरेंटमध्ये हे काम यंत्र करते. प्रत्येक तुकड्यावरून गणिताने एक खूण काढतात, तिला हॅश म्हणतात. तुकड्यातले एक अक्षर जरी बदलले तरी खूण पार बदलते. आलेल्या तुकड्याची खूण यादीतल्या खुणेशी जुळली नाही, की प्रोग्रॅम तो तुकडा फेकून देतो आणि दुसऱ्याकडून मागतो. आमच्या कचेरीत फॉर्म एक व चौदाच्या उताऱ्यावर 'सत्यप्रत' असा शिक्का मारतात ना, तसा हा प्रत्येक तुकड्यावरचा शिक्का. फरक एवढाच की तो मारताना साहेब रजेवर नसतात.

मात्र शिक्का एवढेच सांगतो की प्रत मुळाबरहुकूम आहे. मूळच खोटे असेल, त्यात व्हायरस असेल, तर तोही मुळाबरहुकूम तुमच्या घरी येईल. म्हणून नवख्याने अनोळखी ठिकाणचे प्रोग्रॅम टॉरेंटने कधीच घेऊ नयेत. दुसरे असे की या मोहोळात कुणी लपलेले नसते. तुमच्या जोडणीचा क्रमांक, म्हणजे आयपी पत्ता, समोरच्या प्रत्येकाला दिसतो. आणि तिसरे, तुम्ही घेता तेव्हा देताही. म्हणजे बेकायदा गोष्ट घेत असाल तर तुम्ही नुसते गिऱ्हाईक नसता, विक्रेत्याच्या रांगेत बसलेले असता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ६३ व्या कलमात सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. चित्रपटांसाठी २०२३ साली सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती होऊन शिक्षा आणखी कडक झाली.

मग न्याय्य मार्गाने घ्यायचे काय? भरपूर आहे. लिनक्सच्या बहुतेक मंडळींची अधिकृत टॉरेंट असतात. 'इंटरनेट आर्काइव्ह' या ग्रंथालयाने २०१२ पासून आपली लाखो पुस्तके, ध्वनिफिती टॉरेंटने द्यायला सुरुवात केली. आपल्या कायद्याप्रमाणे लेखक वारल्यानंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन सगळ्यांचे होते. आमचे साखवाळचे धर्मानंद कोसंबी १९४७ साली वारले, म्हणजे २००८ पासून त्यांचे लेखन मोकळे झाले. साने गुरुजींचे २०११ पासून. बाकीबाब बोरकर १९८४ साली गेले, त्यांच्या कवितांसाठी २०४५ साल उजाडावे लागेल, तोवर पुस्तक विकत घ्यावे. ते घेण्यासारखे आहेच.

आता पुन्हा राजपुऱ्यात.

वडील २०१९ साली गेले. वर्षश्राद्धाला त्यांचा आवाज लावावा असे आईच्या मनात आले. मी शोधू लागलो. माझा तो संगणक केव्हाच मोडीत गेला होता. सीड्या होत्या, पण आमच्याकडचा पावसाळा तुम्हाला ठाऊक आहे, दोन्ही सीड्यांवर बुरशी. मूळ कॅसेटी काढल्या तर फीत चिकटलेली. ज्याने नाटक टेप केले होते तो माणूसही राहिला नव्हता. आई काही बोलली नाही. 'असू दे' एवढेच म्हणाली. ते ऐकून मला फार अपराधी वाटले. आयुष्यभर लोकांच्या नकला सांभाळणाऱ्या माणसाने बापाची एक नक्कल सांभाळली नव्हती.

२०२२ च्या दिवाळीला बुऱ्हाणपूरला गेलो तेव्हा बोलता बोलता ही गोष्ट निघाली. मेहुणा उठला, माळ्यावरून जुना संगणक काढला, फडक्याने पुसला. सुरू व्हायला त्याने दहा मिनिटे घेतली. आणि त्यात ती फाइल होती. शेजारी तेरा वर्षांपूर्वीची ती टॉरेंट फाइलही होती. मेहुण्याने ती उघडून पडताळणी लावली. पट्टी हळूहळू सरकत गेली. शंभर टक्के. "दाजी, एक टिंबसुद्धा बदललेलं नाही," तो म्हणाला.

सासऱ्यांनी आवाज मोठा करायला सांगितला. राजपुऱ्यातल्या त्या खोलीत, बाहेर फटाके वाजत असताना, १९९४ सालच्या गोव्यातल्या जत्रेची पेटी वाजू लागली, आणि वडील गाऊ लागले. मी फोन लावून आईच्या कानाशी धरायला धाकट्या भावाला सांगितले. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "हो, तेच."

आता ती फाइल पाच घरांत आहे. भावाकडे, बहिणीकडे, गावच्या नाटक मंडळाच्या एका मुलाकडे, माझ्याकडे आणि राजपुऱ्यात. महिन्यातून एकदा मी संगणकावर ते टॉरेंट उघडून बघतो. सीडर पाच, असा आकडा दिसला की बरे वाटते. तुमच्याही घरी कुणाचा आवाज, कुणाची वही, एखादी जुनी पोथी असेल तर एवढेच करा. ती तुमची असेल तर एकट्याने जपून ठेवू नका. बियाणे कणगीत ठेवले तर किडते, चार शेतांत पेरले तर टिकते.

असो. पुढच्या दिवाळीला मेहुण्यासाठी काजू न्यायचे आहेत. सावडीचा हिशेब आहे, विसरून चालणार नाही.